मित्राचं जमलं, आणि माझा रविवार रिकामा झाला

पत्र:

मी २५ वर्षांचा, मूळचा बार्शीचा. हिंजवडीत नोकरी करतो, कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सोबतचा मित्र शाळेपासूनचा. इंजिनिअरिंगला दोघं एकत्रच पुण्यात आलो, त्याला सात वर्षं झाली. मार्चमध्ये त्याचं त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीशी जमलं. मुलगी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण रात्रीची मेस, नंतरचा चहा, रविवारचा सिंहगड, सगळं बंद झालं. मेसेज केला की ‘बघू रे’ एवढंच उत्तर येतं. ती फ्लॅटवर आली की मी उगाच बाहेर पडतो आणि अकरा वाजेपर्यंत गाडीवर फिरत राहतो. परवा ‘आता काय बाबा, आम्हाला विसरलास’ असं बोललो तर तो चिडला. बाकीचे मित्र हसतात, ‘तू काय त्याची बायको आहेस का’ म्हणतात. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उठावंसंच वाटत नाही. त्याच्याशी बोलू की गप्प बसू? आणि माझंच काही चुकतंय का?
कर्वेनगरचा एक वाचक

उत्तर:

प्रिय मित्रा,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. तुझं काही चुकत नाही. ज्याच्यासोबत सात वर्षं रोज जेवलास, त्याची खुर्ची अचानक रिकामी झाली तर पोटात कालवणारच. कुणाचा ब्रेकअप झाला की मित्र गोळा होतात, रात्र-रात्र बसून समजूत काढतात. मित्र दुरावला म्हणून कुणी कुणाकडे बसायला येत नाही, आणि मुलग्यांमध्ये तर त्यावर विनोद होतात. म्हणून तुझं दुःख तुलाच खोटं वाटायला लागलंय. ते खरं आहे, हे एकदा मान्य कर. पुढची कामं त्याशिवाय नीट होणार नाहीत.

आता तुझ्या मित्राच्या बाजूनं काय घडतंय ते बघ. ऑक्सफर्ड विद्यापीठातले रॉबिन डनबार यांनी माणसांच्या मैत्रीवर अनेक वर्षं काम केलंय. त्यांच्या मांडणीनुसार माणसाच्या अगदी जवळच्या वर्तुळात साधारण ५ जण मावतात, आणि कुणी प्रेमात पडलं की त्यातली सरासरी २ माणसं बाहेर सरकतात. कारण सरळ आहे. वेळ आणि लक्ष मोजकंच असतं, आणि नवं माणूस त्यातला मोठा वाटा घेतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत तर जवळजवळ सगळाच. तुझ्याऐवजी दुसरा कुणी त्याचा जिवलग असता, तरी आज तो तुझ्याच जागी उभा असता. त्यानं तुझी किंमत कमी केलेली नाही, त्याचा आठवडा भरून गेलाय.

तुझा आठवडा मात्र रिकामा झाला, आणि नेमका किती, हे कागदावर काढ. फेब्रुवारीतला एक साधा आठवडा आठव आणि त्यातले दोघांचे तास मांड. मेस पाऊण तास, नंतर अमृततुल्यवर अर्धा तास, असे पाच दिवस धरले तर सव्वासहा तास. शनिवारी रात्रीचे चार. रविवारी पहाटे साडेपाचला निघून अकराला परत, म्हणजे साडेपाच. एकूण पावणेसोळा. तुझे आकडे थोडे वेगळे येतील, पण ही बेरीज करच. ‘सगळं संपलं’ यावर काही उपाय करता येत नाही, आठवड्यातल्या सोळा तासांवर करता येतो. मग त्या तासांपैकी सगळ्यात जास्त टोचणारे दोन निवडून खूण कर. तुझ्या पत्रावरून ते रात्रीचं जेवण आणि रविवार सकाळ असावेत. सोळाच्या सोळा तास भरायला जाऊ नकोस. जिम, गिटार, फ्रेंचचा क्लास असं सगळं एकदम लावणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात सगळंच सोडतात, आणि मग ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं त्यांना वाटायला लागतं.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घे, कारण बहुतेकांचे प्रयत्न इथेच फसतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं की एकटेपणा दोन प्रकारचा असतो. एक, मनातलं बोलायला जवळचं माणूस नसण्याचा. दुसरा, ज्यात आपली जागा आहे असा कट्टा, असा घोळका नसण्याचा. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून ऑफिसच्या पार्टीला जाऊन आलं तरी घरी परतताना जास्तच एकटं वाटतं. गर्दी मिळालेली असते, हवा असतो तो एकच माणूस. तुझ्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी गेलंय, कारण तुझा कट्टाही तोच होता आणि जिवाभावाचा माणूसही तोच. त्यामुळे कामंही दोन आहेत: त्या एका मैत्रीला नवी वेळ ठरवून देणं, आणि वेगळा घोळका उभा करणं.

मित्राशी बोलायचंच. गप्प बसलास तर आतल्या आत साठेल आणि टोमण्यातून बाहेर येईल, जसं परवा आलं. ‘आम्हाला विसरलास’ या वाक्यावर समोरच्याला दोनच गोष्टी करता येतात, माफी मागणं किंवा चिडणं. करता येईल असं तू काही मागितलंच नव्हतंस. म्हणून मागणी नेमकी ठेव. ‘जास्त वेळ दे’ असं म्हणू नकोस. एक दिवस, एक वेळ, एक ठिकाण सांग. उदाहरणार्थ:

‘तुझं जमलंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण रविवार सकाळ मला फार जड जाते रे. महिन्यातला पहिला रविवार आपल्या सिंहगडाचा ठेवूया का? बाकीचे तुझे तू ठरव.’

एवढंच बोलून थांब आणि त्याला उत्तर द्यायला अवधी दे. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘ती आल्यापासून’ हे तीन शब्दप्रयोग अजिबात नकोत. त्यातलं एक जरी आलं तरी गाडी तुझ्या रविवारावरून त्याच्या बचावावर जाते. वेळही बघून निवड. तो तिला भेटून रात्री अकराला आलाय तेव्हा नको, दोघांनी घेतलेली असताना नको, आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. चालता-चालता बोलणं सगळ्यात सोपं जातं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत असलं काही बोलायची मुलग्यांना सवय नसते. बिल्डिंगखाली एक चक्कर मारतानाची दहा मिनिटं पुरतात.

फोनवर ‘टचमध्ये राहू’ यावर समाधान मानू नकोस. डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा संपवून कॉलेजला किंवा कामाला लागलेल्या मुलामुलींचा दीड वर्ष मागोवा घेतला होता. मुलींची मैत्री बोलण्यानं टिकून राहिली. मुलांच्या मैत्रीत नुसत्या बोलण्यानं फारसा फरक पडला नाही, ती टिकली एकत्र काहीतरी करण्यानं. तुमचं सिंहगड चढणं हेच तुमचं बोलणं होतं. तेव्हा वाचवायचं असेल तर आधी ते वाचव.

त्यानं हो म्हटलं आणि ऐन वेळी रद्द केलं, असं होईल. तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवू नकोस. लगेच विचार, ‘मग कधी? पुढचा रविवार?’ आणि तारीख घेऊनच बोलणं संपव. लागोपाठ दोनदा रद्द झालं तर मागणी लहान कर. गड राहू दे, ऑफिसला निघण्याआधी कोपऱ्यावर अर्धा तास पोहे आणि चहा. लहान गोष्ट पाळायला सोपी असते, आणि पाळली गेली की पुढची ठरवता येते. निकाल मात्र तीन महिन्यांनी लाव, तीन आठवड्यांनी नको. तीन महिन्यांत तू सहा वेळा बोलावलंस आणि तो एकदाही आला नाही, तर मैत्री पातळ झाली हे मान्य करावं लागेल. तेव्हा वाईट वाटेल, पण निदान काय झालंय ते ठाऊक असेल.

गुपचूप परीक्षा घेणं आजच बंद कर. ‘मी मेसेज करणार नाही, बघू त्याला आठवण येते का’ ही परीक्षा आहे हेच त्याला माहीत नसतं, त्यामुळे तो नापासच होतो. एकटेपणावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या जॉन कॅचिओपो यांनी दाखवलंय की एकटं पडलेल्या माणसाचा मेंदू नकाराच्या खुणा शोधत बसतो आणि त्या नसल्या तरी त्याला दिसतात. तुला ‘बघू रे’ मध्ये नकार ऐकू येतो. सात वर्षांत त्यानं किती वेळा ‘बघू रे’ म्हटलं असेल आणि मग आला असेल, तेही आठव. याच कारणासाठी त्या दोघांच्या स्टोरी म्यूट कर. इन्स्टाग्रामवर म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही, अबोला धरल्यासारखं होत नाही. रात्री बारा वाजता ते कुठल्या कॅफेत होते हे कळून तुझं काहीच भलं होत नाही.

तिच्याशीही तुझं स्वतःचं थोडंफार नातं असू दे. तिघांची पहिली भेट छोटी ठेव, दीड-दोन तासांची, आणि मध्ये काहीतरी करायला असू दे: एखादं नाटक, एखादी मॅच. दिवसभराची सहल पहिल्याच वेळी नको, त्यात तिसऱ्याची फरपट होते. बार्शीच्या शाळेतले किस्से एकापाठोपाठ एक सुरू केलेस तर ती बाहेर पडते आणि मित्र अवघडतो. त्याची जुनी प्रकरणं तर तोंडातूनही काढू नकोस. आणि त्यांचं भांडण झालं की तो तुझ्याकडे येईल, तेव्हा ऐकून घे, तिच्याविरुद्ध निकाल देऊ नकोस. बुधवारपर्यंत त्यांचं मिटतं, आणि तू बोललेलं वाक्य मात्र त्याच्या लक्षात राहतं, कधी-कधी तिच्यापर्यंतही पोचतं.

इथे एक प्रश्न स्वतःला एकांतात विचार. हे दुखणं फक्त सवयीचं आहे, की त्याच्याबद्दल किंवा तिच्याबद्दल तुझ्या मनात आणखी काही आहे? असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग ‘महिन्यातला एक रविवार’ या उपायानं ते शमणार नाही, आणि विश्वासातल्या एखाद्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोललेलं बरं. नसेल, तर हा परिच्छेद सोडून दे.

फ्लॅटचं बघू. ती आली की तू बाहेर पडतोस, ही व्यवस्था तुझी तूच लावून घेतली आहेस. त्यानं तसं सांगितल्याचं पत्रात कुठे नाही. अर्धं भाडं तू भरतोस, हॉल तुझाही आहे. त्याला सांग की ती येणार असेल त्या दिवशी दुपारपर्यंत एक मेसेज टाक, आणि आठवड्यात साधारण कुठले दिवस ते ठरवून घेऊ. ती आल्यावर पंधरा मिनिटं हॉलमध्ये बस, चहा घे, मग आपल्या खोलीत जा. त्यांना निवांतपणा मिळतो आणि तुला रात्री कर्वे रोडवर पेट्रोल जाळत हिंडावं लागत नाही. सोबत लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून बघ. बहुतेक ठिकाणी तो ११ महिन्यांचा असतो आणि सोडताना महिन्याची नोटीस द्यावी लागते. करार संपायच्या दोन महिने आधी त्याला सरळ विचार, ‘पुढचा करार आपण दोघं करतोय का?’ तो वेगळं राहायचं म्हणाला तर नवा रूममेट शोधायला आणि डिपॉझिटचा हिशोब करायला तुझ्या हातात वेळ राहील. हे न विचारता भीत-भीत महिने काढणारे पुष्कळ असतात, आणि शेवटी घाईत मिळेल त्या माणसाबरोबर राहतात.

आता दुसरं काम, वेगळा घोळका. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्री व्हायला किती तास लागतात याचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतपत व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला तीन तास धरलेस तर ५० तासांना चार महिने लागतात. यावरून दोन गोष्टी ठरतात. दर वेळी नवी माणसं भेटतात अशा एकेका दिवसाच्या कार्यक्रमांना जाऊन काही जमत नाही, कारण तास कुणा एकाच्या खात्यात साठतच नाहीत. तीच माणसं, तोच वार, तीच वेळ हवी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ‘इथे कुणी आपलं नाही’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, त्यावरून सोडू नकोस.

पुण्यात यासाठी ढोल-ताशा पथकासारखी दुसरी जागा मला दिसत नाही. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सराव सुरू होतात, नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी ढोल ऐकू येतात. नव्या वादकांची नोंदणी सुरुवातीलाच असते, उशिरा गेलास तर घेत नाहीत. आठवड्यातले चार-पाच दिवस दोन-दोन तास त्याच माणसांसोबत गेले तर पाच-सहा आठवड्यांत ५० तास होतात, ते सुद्धा खांद्याला खांदा लावून. पहिल्या दिवसापासून कानात इअरप्लग घाल, त्यात लाजू नकोस. तळहाताला फोड येतात, पट्टी जवळ ठेव. बहुतेकांचं एकच चुकतं: विसर्जन झालं की सगळे पांगतात. म्हणून उत्सव संपायच्या आधीच ज्यांच्याशी सूर जुळला अशा चार-पाच जणांसोबत पुढची भेट ठरवून टाक.

ढोल तुझ्या स्वभावाला मानवत नसेल तर हौशी नाट्यसंस्थेत बॅकस्टेजला जा. प्रकाशयोजना, नेपथ्य, सामान लावणं यासाठी त्यांना माणसं कायम कमी पडतात, अभिनय यायला लागत नाही, आणि तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. वेताळ टेकडीवर सकाळी ठरलेल्या वेळी जाणं हा त्याहून शांत मार्ग. तिथे रोज तीच माणसं दिसतात. पहिल्या आठवड्यात मान हलवायची, दुसऱ्यात ‘नमस्कार’, आणि पंधरवड्यानंतर कुणीतरी आपणहून विचारतं, ‘आज उशीर?’

ऑफिसातल्या माणसांबद्दल एक इशारा. हॉल यांच्याच अभ्यासात एकत्र काम करण्याचे तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा झाले नाहीत, मोकळ्या वेळातले झाले. ज्या सहकाऱ्याशी पटतं त्याला हिंजवडीच्या बाहेर भेट, शनिवारी कर्वे रोडला कुठेतरी नाश्त्याला. त्याशिवाय तो सहकारीच राहील.

जुनी माणसंही आहेत. या सात वर्षांत तुम्ही दोघं एकमेकांना पुरेसे होतात, त्या काळात तुझ्याकडूनही काही जण मागे पडले असतील. अशा पाच जणांची नावं काढ. बरेच दिवसांनी अचानक संपर्क साधल्याचं समोरच्याला किती बरं वाटतं, याचा अंदाज आपण नेहमी कमी लावतो, हे पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका तो जास्त भावतो. ‘काय चाललंय?’ असा मेसेज मात्र करू नकोस, त्याचं उत्तर ‘निवांत’ असतं आणि विषय संपतो. एखादी ठोस आठवण आणि एक ठोस बोलावणं: ‘आज वर्कशॉपमधला तुझा वाकडा जॉब आठवला आणि हसू आलं. शनिवारी सातला करिश्मा चौकात चहाला येतोस का?’ पाचातले दोघं आले तरी खूप झालं.

येता रविवार जड जाईल, तो एकट्यानंच सिंहगडावर काढ. स्वारगेटहून पायथ्याला पीएमपीची बस जाते, आतकरवाडीतून चढायला तुला तास-सव्वा तास लागतो हे तुला माहीतच आहे. पहिल्यांदा प्रत्येक वळणावर त्याची आठवण येईल, येऊ दे. वर जाऊन झुणका-भाकर खा, दही खा, ज्या मावशींकडे नेहमी बसता त्यांच्याशी दोन शब्द बोल. दर रविवारी त्याच वेळी चढणारे लोक तिथे पुष्कळ आहेत, ते आजवर तुला दिसले नाहीत कारण तू गप्पांत होतास. तो गड त्याच्या नावावर करून देऊ नकोस.

मेसचं त्यामानानं सोपं आहे. मोबाइल समोर ठेवून एकट्यानं जेवण्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणासोबत जेवायचं ठरव, आणि एका रात्री घरी काहीतरी शिजव. मुगाच्या खिचडीला कुकर आणि वीस मिनिटं लागतात.

दुपारपर्यंत उठवत नाही असं लिहिलंस, त्याकडे मात्र काणाडोळा करू नकोस. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर हे मैत्रीच्या दुराव्याच्या पुढे गेलंय असं समज आणि डॉक्टरला भेट. ससूनमध्ये मनोविकाराची ओपीडी आहे. टेली मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या नंबरावर दिवसरात्र फुकट आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको असं मनात डोकावलं, अगदी ओझरतं जरी, तरी दोन आठवडे थांबू नकोस, त्याच क्षणी फोन कर आणि मित्रालाही उठव. त्याचं प्रेमप्रकरण सुरू आहे म्हणून त्याला त्रास द्यायचा नाही, असा विचार त्या वेळी अजिबात नको.

आणि कधीतरी त्यांचं बिनसलं, तर तो एका रात्रीत पूर्वीचे सगळे तास घेऊन परत येईल. त्याला जवळ कर, ऐकून घे, मेसला घेऊन जा. पण तोवर तुझी मंगळवारची तालीम किंवा टेकडी सुरू झालेली असेल, ती त्याच्यासाठी बंद करू नकोस. त्याला तिथे घेऊन जा आणि सगळ्यांशी ओळख करून दे.